तो आता इथं राहत नाही!

खोली बदलली की नव्या खोलीबरोबर काय काय येतं? भिंतीतले खिळे, हळू फिरणारा पंखा आणि आधीच्या भाडेकरूच्या नावाची पत्रं. पथ्रोट, कापूसतळणीहून कॉलेजसाठी अंजनगाव सुर्जीत खोली केलेल्यांना हे माहीत आहे. इथून अमरावती-अकोल्याला गेलेल्यांना तर जास्तच. पहिली दोन-तीन पत्रं आपण खिडकीत ठेवतो, येईल कधीतरी घ्यायला म्हणून. मग एक दिवस लाल अक्षरांतलं येतं. 'अंतिम सूचना', वकिलाचं नाव, इंग्रजीत कलमं. पाकिटावर आपलं नाव नसतं, तरी पोटात गोळा येतो.

तो का येतो, हे वऱ्हाडातल्या पोरांना समजावून सांगायची गरज नाही. बँकेची नोटीस म्हणजे काय हे आपण घरीच पाहिलेलं असतं. त्यात घरमालक दारात उभा राहून विचारतो, "काय बे, कोणाचे पैसे थकवले?" आणि शेजारी ऐकत असतात.

म्हणून आधी हे पक्कं करा. दुसऱ्यानं घेतलेलं वैयक्तिक कर्ज, बाईकचा हप्ता, क्रेडिट कार्डची थकबाकी त्याच्याबरोबर जाते, खोलीत राहत नाही. तुम्ही जामीनदार म्हणून कुठं सही केलेली नसेल, तर तुमच्याकडून एक रुपयाही मागता येत नाही. नुसता पत्ता एक आहे म्हणून त्याचं कर्ज तुमच्या नावावर चढत नाही. तरी शंका असेल तर स्वतःचा क्रेडिट रिपोर्ट काढून बघा. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हायमार्क या चारही कंपन्यांना वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यावाच लागतो. रिझर्व्ह बँकेचा हा नियम 2017 पासून आहे.

मग पत्र फाडून टाकायचं का? माझं मत स्पष्ट आहे: नाही. आणि त्याहून वाईट म्हणजे, 'जाऊ दे, घेऊन ठेवतो' म्हणत पोस्टमनच्या कागदावर सही करणं. सहीची किंमत अंजनगावकरांना सांगायला नको. 30 डिसेंबर 1803 ला दौलतराव शिंद्यांचा इंग्रजांशी तह इथंच झाला आणि एका कागदावर गंगा-यमुनेचा दुआब गेला!

तुमच्या सहीनं दुआब जाणार नाही, पण एखाद्या पोराचा खटला त्याच्या पाठीमागं उभा राहू शकतो. समजा त्याचा चेक बाउन्स झालाय. बँकेकडून तसं कळल्यापासून 30 दिवसांत समोरच्यानं त्याला नोटीस पाठवायची आणि नोटीस मिळाल्यापासून 15 दिवसांत यानं पैसे भरायचे, नाहीतर केस, असा कायदा आहे. बरोबर पत्त्यावर रजिस्टर पोस्टानं पाठवलेली नोटीस पोचली, असं कायदा धरून चालतो. 2007 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं केरळमधल्या एका चेकच्या प्रकरणात हेच सांगितलं. आता पोचपावतीवर तुमची सही आहे, नोटीस तुमच्या खिडकीत आहे आणि तो पुण्यात कुठंतरी नोकरी शोधतोय. त्याचे 15 दिवस कोण मोजणार?

तेव्हा पाकीट फोडू नका, सही करू नका. पोस्टमनला सांगा, "दादा, तो तं खोली सोडून गेला." तो तसा शेरा मारून पत्र परत पाठवतो. साधं पत्र दाराखालून आलं असेल तर पाकिटावर 'ही व्यक्ती या पत्त्यावर राहत नाही' असं लिहून, तारीख टाकून पोस्टात परत द्या. परत देण्याआधी पाकिटाचा फोटो काढून ठेवा. कोर्टाचा बेलीफ समन्स घेऊन आला तर त्यालाही हेच सांगा. तो तसा अहवाल कोर्टाला देतो.

तरीही पत्रं थांबत नाहीत. परत गेलेली पाकिटं बघायला तिकडं कोणाला वेळ नसतो आणि दार उघडेल त्याला घाबरवणं कंपन्यांना स्वस्त पडतं. अशा वेळी त्या बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा: मी अमुक तारखेपासून इथं राहतो, ही व्यक्ती इथं राहत नाही, पत्ता काढून टाका. सोबत भाडेकराराचं पहिलं पान जोडा. आधार, पॅन पाठवायची काही गरज नाही. भाडेकरारच नाही म्हणता? महाराष्ट्रात 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यानुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. हे त्यांना गोडीत सांगा.

वसुलीवाला दारात आला तर आधी ओळखपत्र आणि बँकेचं अधिकारपत्र मागा. कर्जदाराच्या घरच्यांना, मित्रांनासुद्धा छळायचं नाही, सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर वसुलीसाठी कर्जदाराला फोन करायचा नाही, असं रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट 2022 मध्ये बजावलंय. तुमचा तर त्या कर्जाशी संबंधच नाही. धमकी दिली तर 112. 'अर्धे भरा, मिटवून टाकू' म्हणत कोणी क्यूआर कोड पुढं केला आणि पैसे गेले, तर लगेच 1930.

तो हमखास विचारेल, "त्याचा नवीन नंबर दे ना." देऊ नका. नंबर असेल तर तुम्हीच त्या पोराला फोन करून सांगा की तुझी पत्रं येताहेत. एवढं आपण एकमेकांसाठी करू शकतो.

दोन बाबतींत मात्र 'आपलं काय जातं' म्हणू नका. नोटीस घरमालकाच्या नावाची आणि घरावरच्या कर्जाची असेल तर ती त्याच दिवशी त्यांना दाखवा. 60 दिवसांची मुदत संपली की बँक घराचा ताबा घ्यायला येऊ शकते आणि आत राहणारे तुम्ही असता. दुसरं, वीजबिल. जागेची जुनी थकबाकी नव्या मालकाकडून मागता येते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं मे 2023 मध्ये दिलाय. म्हणून खोली ठरवताना महावितरणचं शेवटचं बिल मागून बघा.

आणि परीक्षा संपल्यावर खोली सोडाल, तेव्हा आधीचे भाडेकरू तुम्हीच असाल. शैक्षणिक कर्जाचे हप्ते साधारण कोर्स संपल्यावर वर्षभरानं सुरू होतात आणि पत्रं जातात फॉर्मवर लिहिलेल्या पत्त्यावर. शाखेत जाऊन नवा पत्ता लेखी द्या आणि अर्जाच्या प्रतीवर शिक्का मारून घ्या.