जिना चढणारा डालेक

मुलांनो, परवा मधल्या सुट्टीत माझ्या टाचणवहीतून एक चित्र खाली पडलं. चौथीतल्या एकाने ते उचललं, उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "बाई, हा पिंप कशाचा?" दुसरी म्हणाली, "पिंप कसला? मिरपुडीची डबी आहे ती!" मग तिसऱ्याचं लक्ष त्याच्या हाताकडे गेलं. मोरी तुंबली की दांड्याला लावलेला रबरी पंप आपण दाबतो ना, हुबेहूब तसला हात. झालं! सगळा वर्ग खो खो हसायला लागला.

तुम्हीही हसलात ना? हसा, हसा. त्या पिंपाचं नाव डालेक. आज तुमच्या आजी-आजोबांच्या वयाची असलेली इंग्लंडमधली माणसं लहानपणी त्याला टीव्हीवर पाहून सोफ्यामागे लपायची. 'सोफ्यामागून पाहणं' हा तिकडे चक्क वाक्प्रचार होऊन बसला. आपण नाही का, गोधडी डोक्यावरून घेतो आणि एका फटीतून पाहतोच, तसलंच ते. पण पुढे तिथली मुलंही तुमच्यासारखीच डालेकला हसायला लागली. एकदा हसू आलेल्या राक्षसाची पुन्हा भीती वाटायला लावायची, तर काय करायचं? ही अवघड गोष्ट काही लोकांनी २००५ साली करून दाखवली. त्यांनी ती कशी केली, ते आज सांगते.

आधी थोडी ओळख. 'डॉक्टर हू' ही बीबीसीची विज्ञानमालिका. तिचा पहिला भाग लागला २३ नोव्हेंबर १९६३ या दिवशी. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली त्याच्या दुसऱ्याच दिवशी! लोकांचं लक्ष कुठे असणार? म्हणून पुढच्या आठवड्यात दुसऱ्या भागाआधी पहिला भाग पुन्हा दाखवावा लागला. (त्या पहिल्या भागाचे दिग्दर्शक होते वारिस हुसेन. जन्म लखनौचा, बरं का!) गोष्टीचा नायक म्हणजे डॉक्टर. तो परग्रहावरचा. बाहेरून निळ्या पोलीस-खोक्यासारखं दिसणारं आणि आतून अवाढव्य असलेलं त्याचं एक यान आहे. त्यात बसून तो काळात मागेपुढे फिरतो. मरणाच्या दारात पोचला की त्याचं शरीर बदलतं, चेहरा नवा होतो. त्यामुळे नट बदलला तरी मालिका चालूच!

मालिका सुरू करणाऱ्या सिडनी न्यूमन यांची एक अट होती. मुलांना इतिहास आणि विज्ञान शिकवायचं, पण बटबटीत डोळ्यांचे राक्षस आणायचे नाहीत. अट किती दिवस टिकली? चार आठवडे! पाचव्या भागाच्या शेवटी, २१ डिसेंबरला, बार्बरा नावाची बाई एका धातूच्या शहरात वाट चुकते, भिंतीला पाठ लावून उभी राहते आणि किंचाळते. आपल्याला दिसतो तो फक्त तिच्याकडे सरकत येणारा एक हात. तोच, मोरीतला पंप! ही बार्बरा इतिहासाची शिक्षिका आहे. त्यामुळे माझा जीव जरा जास्तच वर आला, हे कबूल करते.

आता मला सांगा, पंपाला कोण भितं? पंपाला नाहीच. भीती होती आतल्या प्राण्याची. स्कारो ग्रहावर अणुयुद्ध झालं. त्यात डालेकांची शरीरं बिघडली, हातपाय जाऊन नुसता गोळा उरला, आणि त्या गोळ्याने स्वतःला लोखंडी कवचात कोंडून घेतलं. मनात एकच गोष्ट शिल्लक राहिली : जो आपल्यासारखा नाही, त्याने जगायचं नाही. लेखक टेरी नेशन यांचा जन्म १९३० चा, वेल्समधल्या कार्डिफचा. त्यांचं लहानपण दुसऱ्या महायुद्धात गेलं, आणि त्या युद्धात कार्डिफवर जर्मन बाँब पडले होते. डालेक म्हणजे नाझीच, हे ते लपवत नसत. ती मालिका पाहणाऱ्या मुलांच्या आई-वडिलांनी १९४५ पर्यंत हे सगळं सोसलेलं होतं. म्हणजे सोफ्यावर बसलेल्यांनाही भीती होती आणि सोफ्यामागे लपलेल्यांनाही!

डालेकला रूप दिलं रेमंड कुसिक यांनी. पैसा तुटपुंजा. कवचात एक माणूस बसायचा, पाय जमिनीला रेटत ते पुढे ढकलायचा आणि आतून दांडे हलवायचा. माणसाचे पाय कुठेच दिसायचे नाहीत, म्हणून तर ते भुतासारखं सरकायचं. पाय नाहीत, म्हणूनच भीती. आणि पाय नाहीत, म्हणूनच पुढे थट्टा! कारण कुणीतरी विचारलंच, "मग हा जिना कसा चढणार?" व्यंगचित्रं निघाली, विनोद झाले. विश्व जिंकायला निघालेली सेना पहिल्या पायरीशी अडलेली! १९८८ मध्ये एका भागात डालेक खरोखर जिना चढला, पण तोवर मालिकेचा प्रेक्षक रोडावला होता. १९८९ मध्ये ती बंद पडली. १९९६ चा एक चित्रपट सोडला तर पुढे नुसता शुकशुकाट.

त्यात आणखी एक गोष्ट झाली. त्या काळात घरोघरी व्हिडिओ नव्हते आणि बीबीसीने साठच्या दशकातले बरेच भाग चक्क पुसून टाकले. म्हणजे ज्यांनी लहानपणी पाहिलं, त्यांच्याजवळ फक्त आठवण उरली. आठवणीतला राक्षस कसा असतो, ठाऊक आहे ना? दरवर्षी वीतभर वाढतो.

मालिका परत आली २६ मार्च २००५ रोजी, आणि ती तयार झाली वेल्समध्ये. टेरी नेशन यांच्याच मुलखात म्हणा ना! सूत्रधार होते रसेल टी. डेव्हिस. पहिल्याच भागात त्यांनी १९७० मधले ऑटॉन परत आणले. ऑटॉन म्हणजे दुकानाच्या काचेत उभे असतात ते कपड्यांचे पुतळे, जिवंत झालेले. साडीच्या दुकानात बंद होण्याच्या वेळेला गेलात की पाहा त्या पुतळ्यांकडे. मी काही जास्त बोलत नाही.

डालेकांचं मात्र अडलं होतं. टेरी नेशन १९९७ मध्ये वारले होते. त्यांचे हक्क सांभाळणारे आणि बीबीसी यांचं २००४ मध्ये काही केल्या जुळेना. डालेक येणार नाहीत, असं काही काळ वाटलं. शेवटी जमलं, आणि ३० एप्रिलला रॉबर्ट शिअरमन यांनी लिहिलेला भाग लागला. नाव एकच शब्द : 'डालेक'.

तुम्ही लिहिला असता तर काय केलं असतं? हजार डालेक, आकाशभर यानं, धडाम धूम! शिअरमन यांनी काय केलं? एकच डालेक आणला. तोही साखळदंडात जखडलेला, मोडका, अंधाऱ्या खोलीत. एका अमेरिकन कोट्यधीशाने जमिनीखाली केलेल्या संग्रहालयातला एक नमुना. त्याला छळून बोलतं करायचा प्रयत्न चाललेला. पाहणाऱ्याला त्या राक्षसाची चक्क दया येते. रोझ नावाच्या मुलीलाही येते. ती त्याच्या डोक्यावर हात ठेवते, आणि त्या स्पर्शातून तो ताकद ओढून घेतो आणि सुटतो.

यापुढचं मला फार आवडतं. ज्या ज्या गोष्टीला लोक हसत होते, ती ती गोष्ट लेखकाने हातात घेतली. आधी पंप. छळणारा माणूस त्या पंपाची थट्टा करतो, आणि ती त्याची शेवटची थट्टा ठरते. तोच पंप दाराच्या आकडेवाल्या कुलपावर टेकवून डालेक क्षणात दार उघडतो. मग जिना. रोझ आणि तिच्याबरोबरचा मुलगा पायऱ्या चढून वर जातात, आणि तो मुलगा खालच्या डालेकला हिणवतो. अगदी आपल्या चौथीच्या वर्गासारखा! डालेक एक शब्द उच्चारतो आणि संथपणे हवेत उचलला जातो. एकेक पायरी खाली जाते आहे आणि तो वर येतो आहे. त्या मुलाचं हसू कुठच्या कुठे जातं. माझंही गेलं होतं. मावसभावाच्या संगणकावर मी तो भाग पाहिला तेव्हा हातातला चहा गार झाला.

पण खरी भीती पुढेच आहे. डालेकांशी झालेल्या महायुद्धात डॉक्टरची सगळी जात संपली आहे. तो एकटाच उरलाय. साखळदंडातला डालेक दिसताच आधी तो घाबरून दार बडवतो. मग त्याला कळतं, की याचं शस्त्र चालत नाही. आणि आपला शहाणा, दयाळू डॉक्टर आनंदाने ओरडायला लागतो, जखडलेल्या शत्रूला विजेचे झटके देतो. तेव्हा डालेक त्याला सुनावतो, की तू तर चांगला डालेक झाला असतास! शेवटी डॉक्टर मोठी बंदूक घेऊन येतो, तर डालेकने आपलं कवच उघडलंय आणि आतला तो केविलवाणा जीव छतातून येणारं ऊन अंगावर घेतोय. रोझ मध्ये उभी राहते. हा बदलतोय, पण तुझं काय होत चाललंय, असं ती डॉक्टरलाच विचारते.

१९६३ मध्ये भीती होती की डालेक आपल्याला मारेल. २००५ मध्ये भीती ही, की त्याचा तिरस्कार करता करता आपणच डालेक होऊ. (आई-बाबांनो, हे भाग अगदी लहानांना एकटं बसवून दाखवू नका. शेजारी बसा. तुम्हालाही सोबत होईल.)

राक्षस नुसता मोठा केला की भीती वाढते का? तोही प्रयोग झाला. २०१० मध्ये उंच, धिप्पाड, लाल-निळ्या-पिवळ्या अशा पाच रंगांचे डालेक आणले. प्रेक्षकांना ते रुचले नाहीत. मला तर ते पाहून पाण्याच्या रंगीत टाक्या आठवल्या. थोड्याच काळात ते मागे सरले आणि काशाच्या रंगाचे डालेक पुन्हा पुढे आले.

सायबरमॅनचं मात्र वेगळं. त्याला विनोदाचा त्रास नव्हता. त्याला काळाने गाठलं. ऑक्टोबर १९६६ मध्ये किट पेडलर आणि गेरी डेव्हिस यांनी तो निर्माण केला. पेडलर डोळ्यांवर संशोधन करणारे वैद्यकीय शास्त्रज्ञ. त्यांना प्रश्न पडला, की माणसाचा एकेक अवयव काढून यंत्राचा बसवत गेलो, तर माणूस कुठे संपतो? पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९६७ मध्ये, दक्षिण आफ्रिकेत जगातली पहिली मानवी हृदयरोपणाची शस्त्रक्रिया झाली, आणि फेब्रुवारी १९६८ मध्ये आपल्या मुंबईच्या केईएममध्ये डॉ. प्र. कु. सेन यांनी ती केली. आज हे ऐकून कोणी घाबरत नाही. उलट आपण हात जोडतो. मग सायबरमॅन परत आणायचा तर कसा?

२००६ मध्ये तो आला तो लोकांच्या कानांतून. सगळं शहर कानात एक यंत्र घालून फिरतंय. त्यातून बातम्या, विनोद थेट मेंदूत. एक क्षण असा येतो, की सगळी माणसं रस्त्यात एकदम थबकतात. भाग मे २००६ चा, लक्षात घ्या. आज बसस्टॉपवर उभं राहून आजूबाजूच्या कानांकडे पाहिलं, की मला तो क्षण आठवतो. पुढच्याच भागात एका सायबरमॅनची भावना दाबणारी कळ तुटते. आतून बाईचा आवाज येतो. तिला थंडी वाजतेय, आणि उद्या तिचं लग्न आहे, एवढंच तिला आठवतंय.

२०१७ मध्ये तर अगदी पहिलाच, १९६६ मधला कापडी तोंडाचा सायबरमॅन परत आणला. कापडाला लोक हसतील म्हणून तो चकचकीत केला नाही. इस्पितळ दाखवलं. तोंडाला फडकी गुंडाळलेला रुग्ण कळ दाबून यंत्राच्या आवाजात सांगतोय, दुखतंय, दुखतंय. परिचारिका येते, काहीतरी फिरवते आणि तो शांत होतो. बरं वाटलं असेल, असं आपल्याला वाटतं. पण तिने फक्त आवाजाची कळ कमी केलेली असते. तो अजून दाबतोच आहे.

बाकी खूप आहेत. २०१० मध्ये आलेले सिल्युरियन, माणसाच्या आधी पृथ्वीवर राहणारे सरडेवजा लोक. ते आपली जागा परत मागतात, आणि त्यांचं फारसं चुकत नाही, हीच पंचाईत! (नाव मात्र साफ चुकलंय. सिल्युरियन काळात सरपटणारे प्राणी नव्हतेच. परीक्षेत लिहाल तर गुण कापीन.)

तर ही सगळी गोष्ट मी वर्गात सांगितली. हसणं केव्हाच थांबलं होतं. पिंप म्हणणाऱ्याने हळूच विचारलं, "बाई, मग तो डालेक शेवटी मेला?" मी म्हटलं, हो, त्याने स्वतःच रोझकडे मरणाचा हुकूम मागितला. डॉक्टरला वाटलं, हा शेवटचा, संपले सगळे.

"आणि संपले?"

पुढचा दीड महिना तसंच वाटत होतं. मग ११ जूनच्या भागात पडद्यावर एकामागून एक यानं दिसायला लागली. दोनशे यानं, आणि त्यांत मिळून जवळजवळ ५ लाख डालेक. चित्र त्याने माझ्या वहीत ठेवलं. उताणं नाही, पालथं.