बांगड्या राहिल्या, आता सातबारा

कोल्हापूरचा माणूस आंबा घाट उतरून रत्नागिरीला गेला की थिबा राजवाडा पाहूनच येतो. थिबा या ब्रह्मदेशच्या शेवटच्या राजाला इंग्रजांनी १८८५ मध्ये गादीवरून काढले, पुढच्या वर्षी रत्नागिरीत आणून ठेवले, आणि १९१६ मध्ये तो तिथेच वारला. राजाची ही हकीकत आपल्याला पाठ आहे. त्याच्या मुलखातल्या साध्या बाईला घरात आणि मालमत्तेत काय हक्क होता, हे विचारायचे मात्र राहून गेले.

ब्रह्मी बौद्धांच्या रूढीत लग्नाला भटजी लागत नाही. दोघांची राजीखुशी, उघडपणे मांडलेला संसार आणि शेजारपाजाऱ्यांची मान्यता, एवढ्यावर लग्न झाले. बाई नवऱ्याचे नाव लावत नाही. संसारात दोघांनी मिळून जे कमावले ते दोघांचे. राजीखुशीने काडीमोड झाली तर ते निम्मे निम्मे. आणि नवरा गेला तर मिळकत आधी बायकोकडे येते. एखादा अपवाद सोडला तर ती असेपर्यंत मुलांनी वाटणी मागायची नाही. मृत्युपत्र करून तिला डावलायची सोयही या रूढीत नव्हती. इंग्रजांनी १८९८ च्या कायद्याने लग्न आणि वारशाच्या दाव्यांत न्यायालयांना हीच रूढी लागू करायला लावली. तिथे सगळे उजळच होते असे नाही. पुरुषाला एकीवर दुसरी करायला तीच रूढी मुभा देत होती, आणि त्यावर बंदी आणणारा कायदा व्हायला २०१५ साल उजाडले. पण विधवेच्या बाबतीत रूढी तिच्या बाजूने उभी होती.

आपल्याकडे कायदा तिच्या बाजूने आला आणि रूढी विरुद्ध राहिली. लहानपणी पंचगंगेच्या काठी पाहिलेले अजून डोळ्यांसमोर आहे. नवरा जाऊन काही तासच झालेली बाई, तिचे दोन्ही हात दोघींनी दगडावर धरलेले, तिसरी बांगड्या फोडते आहे. मनगटात काच रुतून रक्त आले तरी कोणी थांबले नाही. मग ओल्या पदराने कुंकू पुसले, मंगळसूत्र आणि जोडवी काढली. हे करणाऱ्यांपैकी निम्म्या बायका स्वतः विधवाच होत्या.

हे थांबवायचा ठराव करणारे गाव आपल्याच जिल्ह्यातले, शिरोळ तालुक्यातले हेरवाड. मे २०२२ मध्ये तिथल्या ग्रामसभेने कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे, जोडवी काढणे बंद केले. शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीचे ते दिवस होते. त्याच महिन्यात राज्याच्या ग्रामविकास खात्याने परिपत्रक काढून हा कित्ता सगळ्या ग्रामपंचायतींपुढे ठेवला. महाराजांच्या करवीर संस्थानात १९१७ मध्ये विधवाविवाह नोंदणीचा कायदा झाला, १९१९ मध्ये काडीमोडीचा आणि बायकांच्या छळाला आळा घालणारा. महाराजांनी वरून कायदा दिला; हेरवाडने शंभर वर्षांनी खालून रूढी बदलली. मला हेरवाडचे काम अधिक अवघड वाटते, कारण भावकीच्या तोंडावर नाही म्हणायला राजाची सत्ता हाताशी नसते.

पण बांगड्या राहिल्या म्हणजे बाई सुटली असे नव्हे. कुंकवाचा प्रश्न पहिल्या दिवशीचा. जमिनीचा बाराव्यानंतर सुरू होतो. मांडव निघतो, पाहुणे पांगतात आणि एखादा दीर शेजारी येऊन बसतो. "वैनी, सही तेवढी करा, पोरांचं आम्ही बघतो." पुढच्या आठवड्यात तालुक्याच्या ठिकाणी दुय्यम निबंधकासमोर हक्कसोडपत्र होते. त्यात तिने राजीखुशीने हक्क सोडल्याचे छापलेले असते. पंधरा दिवसांपूर्वी नवरा गेलेल्या, माहेरची वाट बंद झालेल्या बाईची कसली राजीखुशी?

१९५६ चा हिंदू वारसा कायदा अगदी स्वच्छ आहे. नवऱ्याच्या वाट्यात विधवेला मुलामुलींच्या बरोबरीने एक वाटा, आणि तो पूर्ण मालकीचा. बायको, मुले किंवा आई यांपैकी कोणी हयात असताना त्या वाट्याला दीर वारसच नाही. पूर्वी विधवेने पुन्हा लग्न केले तर १८५६ चा कायदा पहिल्या नवऱ्याची मिळकत तिच्याकडून काढून घेत असे. आज मिळालेला वाटा पुनर्विवाहानेही जात नाही. कायद्याने एवढे दिले. ते गावातल्या गावात, एका सहीने परत घेतले जाते, आणि त्याला आपण घराण्याची रीत म्हणतो.

२०२५ मध्ये सरकारने मयत खातेदारांची नावे काढून वारसांची लावायला 'जिवंत सातबारा' मोहीम काढली. ती चांगली आहे. पण तलाठ्याकडे पोचलेल्या कागदात विधवेचा वाटा आधीच सोडलेला असेल, तर सातबारा जिवंत होईल आणि तिचे नाव त्यावर टिकणार नाही.

म्हणून ज्या ग्रामसभांनी हेरवाडसारखा ठराव केला आहे, त्यांनी त्यात दोन ओळी वाढवाव्यात. नवरा गेल्यापासून वर्षभर गावातल्या कोणी विधवेकडे हक्कसोडपत्र मागायचे नाही. आणि बाराव्याच्या दिवशी, पाहुणे उठायच्या आत, तिचे आणि मुलांचे नाव घालून वारस नोंदीचा अर्ज चारचौघांदेखत भरायचा. ठरावाला कायद्याचे बळ नसेल, पण चारचौघांदेखत केलेले गावात पाळले जाते; ब्रह्मदेशात तर लग्नसुद्धा त्याच बळावर उभे राहिले. वारस म्हणून मिळालेल्या हक्काची वर्दी तीन महिन्यांत तलाठ्याला द्यायची असते. पुढच्या वेळी कोणाच्या बाराव्याला जाल तेव्हा तो अर्ज बरोबर घेऊन जा.