पाहुण्या हातांची सेवा

भाईंदर स्टेशनहून उत्तनमार्गे चौकला जाणारा रस्ता संपतो तो खाडीच्या तोंडाशी. पलीकडे वसई. चिमाजीअप्पांच्या वसई मोहिमेत ज्या धारावी किल्ल्यासाठी झुंज झाली, तो इथलाच. या गावातल्या ओळखीच्या एका कोळी घरातली मुलगी, नुकतीच पदवीधर झालेली, आफ्रिकेच्या सफरीवर निघाली आहे. सफरीतले दोन आठवडे तिथल्या एका खेड्यातील दवाखान्यात 'सेवा' करण्याचा तिचा बेत आहे. त्यासाठी पैसे मात्र तिनेच भरायचे आहेत! घरात कौतुक झाले. आजीने तेवढे विचारले, ''तुला सुई टोचता येते का गं? मग तिथे जाऊन करणार काय?''

हा प्रश्न अडाणीपणाचा नाही, अनुभवाचा आहे. काही वर्षांपूर्वी बाहेरच्या एका संस्थेने गावात आरोग्य शिबिर भरवले होते. आजींचा रक्तदाब चढलेला निघाला. दहा दिवसांच्या गोळ्या मिळाल्या, फोटोही निघाला. अकराव्या दिवशी काय करायचे, हे सांगायला कोणी उरले नव्हते. ''मीठ कमी करा,'' असे एक तरुण डॉक्टर सांगून गेला. पण पावसाळ्यात होड्या बंद असताना या घरात खारवलेली मासळीच शिजते, हे त्याने विचारलेच नाही. रक्तदाबाचे औषध वर्षानुवर्षे घ्यावे लागते. पाहुण्यांच्या वेळापत्रकात तो आजार बसत नाही.

परदेशी जाऊन सेवा करूच नये, असे म्हणणाऱ्याला सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचे नाव पुरेसे आहे. १९३८ साली काँग्रेसने चीनला धाडलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात ते होते. वाटेत चुंगकिंगला वडील गेल्याची बातमी कळली, तरी ते मागे फिरले नाहीत. बाकीचे चौघे यथावकाश परतले, कोटणीस राहिले. चिनी भाषा शिकले, त्याच भाषेत शिकवू लागले, तिथल्याच एका परिचारिकेशी त्यांनी लग्न केले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तिथेच गेले. शांतारामबापूंच्या १९४६च्या चित्रपटामुळे आपल्याला त्यांचा त्याग आठवतो. मला त्यांची भाषा अधिक महत्त्वाची वाटते. रुग्णाला कुठे दुखते, हे त्याच्याच शब्दांत ऐकल्याखेरीज वैद्यकी सुरू होत नाही.

सगळ्यांनी कोटणीस व्हावे, अशी अपेक्षा नाही. दोन आठवड्यांत माणूस फार तर पाहू शकतो, ऐकू शकतो. मग तसे कबूल करावे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबेल आरोळे यांनी १९७० साली जामखेडला काम सुरू केले आणि गावच्याच बायकांना, त्यांतल्या अनेक निरक्षर, आरोग्यसेविका म्हणून तयार केले. पुढे तिथे जगभरातून डॉक्टर आणि विद्यार्थी येऊ लागले, ते त्या बायकांकडून शिकायला. पाहुणा शिष्य आणि गावकरीण गुरू, हे नाते मला प्रामाणिक वाटते.

आपल्या देशात परदेशी डॉक्टरलाही रुग्ण तपासायचा तर रीतसर परवानगी आणि नोंदणी लागते. उद्या एखादी युरोपातली पदवीधर मुलगी चौकात येऊन आमच्या लेकराला टाके घालू लागली, तर आपण खपवून घेऊ का? मग आफ्रिकेतल्या आईने का खपवून घ्यावे? गरिबाचे अंग ही कुणाची सरावाची वही नव्हे. तिथल्या परिचारिकेने सांगितले तर नोंदवह्या लिहाव्यात, औषधांच्या पेट्या उचलाव्यात, व्हरांडा झाडावा. आजाऱ्याचा फोटो काढू नये. आणि पाहुणी सांभाळण्यात त्या परिचारिकेचे किती तास जातात, याचाही हिशेब धरावा.

हे सारे मी त्या मुलीशी बोललो. ती थोडी रागावली, मग दवाखान्याला पत्र लिहिले: मला तिथली भाषा येत नाही, रुग्णाला हात लावण्याइतके शिक्षण नाही, तरी तुम्हाला माझा उपयोग आहे का? आणि मी भरलेल्या पैशांतले तुमच्यापर्यंत किती पोहोचतात?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आले, ''या.'' दुसऱ्याचे अजून आलेले नाही. तिकीटही अजून काढलेले नाही.