नवा क्लच, जुनी तक्रार

रोजमेळ जुळला नाही, तर आपण आधी बेरीज तपासतो. सारी खातेवही पुन्हा लिहावयास घेत नाही. नवा क्लच बसवूनही गिअर पडत नसेल, तर हाच क्रम पाळावा. गिअरबॉक्स पुन्हा उतरविला, की मजुरी आणि दिवस दोन्ही दुसऱ्यांदा खर्ची पडतात.

प्रथम ब्रेक दाबून परीक्षा घ्यावी. इंजिन बंद असता गिअर सहज पडतो, आणि चालू असता, विशेषतः रिव्हर्स टाकताना, करकरतो, तर क्लच पूर्ण सुटत नाही असे समजावे. मग केबलचा ताण पाहावा. तेलावर चालणारा क्लच असल्यास नळीत राहिलेली हवा काढावी. ही कामे बाहेरूनच होतात. तेवढ्याने न भागल्यास मात्र प्लेट उलटी बसल्याची किंवा बसविताना वाकल्याची शंका घ्यावी.

इंजिनाचा आवाज चढतो, पण गाडी वेग घेत नाही, तर प्लेट घसरते आहे. केबल फार ताणलेली असेल, किंवा प्लेटला ग्रीस लागले असेल. अशी गाडी माल भरून घाटात मुळीच नेऊ नये. मिस्त्रीकडे जाताना 'क्लच बिघडला' एवढेच न सांगता ही लक्षणे सांगावीत.