स्टेडियमचं नूतनीकरण म्हणजे फक्त रंग आणि कमान?

मैदान जुनं झालं म्हणून मरत नाही, कुलूप लागलं की मरतं.

नागपूरचं सिव्हिल लाइन्सचं व्हीसीए मैदान घ्या. १९६९ ला तिथं पहिली कसोटी झाली. १९८७ च्या विश्वचषकात चेतन शर्माची हॅट्ट्रिक अन् गावसकरचं एकदिवसीयमधलं एकमेव शतक, दोन्ही तिथंच, एकाच सामन्यात. २००८ मध्ये कसोटी जामठ्याला गेली. पण जुन्या मैदानावर रणजीचे सामने सुरूच राहिले. पुढे विदर्भानं तीनदा रणजी जिंकली.

आता आपलं बघा. पोलीस भरतीत पोरांना १६०० मीटर, पोरींना ८०० मीटर धावायचं असतं. तयारी कुठं? पहाटेच्या अंधारात, ट्रकच्या रस्त्यावर! कारण मैदानात कधी सभा, कधी प्रदर्शन. मंडप निघतो, खड्डे राहतात.

बल्लारपूरजवळ विसापूरला सिंथेटिक ट्रॅक झाला, चांगलंच झालं. पण कोरची-भामरागडची पोरगी रोज तिथं कशी येणार?

म्हणून नव्या गॅलरीआधी तालुक्याचं मैदान पहाटे पाच ते आठ उघडं ठेवा. सभावाल्यांकडून अनामत घ्या, खड्डे बुजवल्यावरच परत करा. याला कोटींचा निधी लागत नाही.

तुमच्या गावच्या मैदानाची चावी कोणाकडे आहे? कमेंटमध्ये सांगा.