आडव्या उत्तराला उभी साक्ष

सामान्यज्ञानाचे शब्दकोडे म्हणजे निवृत्तांचा अथवा आगगाडीतल्या प्रवाशांचा वेळ घालवण्याचा उद्योग, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. मला ती मान्य नाही. केंद्र सरकारच्या सेवेत निरनिराळ्या राज्यांत काम केल्यावर माझे असे मत झाले आहे की, माहिती पडताळून घेण्याची सवय लावणारे इतके स्वस्त साधन दुसरे नाही. आणि नेमकी हीच सवय आपल्या शिक्षणात व प्रशासनात दुर्मिळ होत चालली आहे.

२१ डिसेंबर १९१३ रोजी आर्थर विन या पत्रकाराने ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’मध्ये पहिले आधुनिक शब्दकोडे छापले. आपल्या देशात मात्र शब्दकोड्याला थेट कायद्याचा इतिहास आहे. स्वातंत्र्यानंतरच्या काळात प्रवेशमूल्य घेऊन मोठ्या बक्षिसांची कोडी चालवली जात. त्यांत एकाच सूत्राला दोन शब्द सारखेच लागू पडत आणि त्यांपैकी ‘बरोबर’ कोणता, हे आधीच मोहोरबंद करून ठेवलेल्या उत्तरावरून ठरे. संसदेने १९५५ साली बक्षीस स्पर्धा अधिनियम करून महिन्याला एक हजार रुपयांहून अधिक बक्षिसे देणाऱ्या अशा स्पर्धांना मनाई केली. पुढे ९ एप्रिल १९५७ रोजी चमारबागवाला प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, ज्या स्पर्धेत यश मुख्यतः कौशल्यावर अवलंबून असते, तिला हे निर्बंध लागू नाहीत. म्हणजे जुगार आणि कौशल्य यांच्यातील सीमारेषा आपल्या न्यायव्यवस्थेने आखली, ती शब्दकोड्याच्या निमित्ताने!

ही सीमारेषा नेमकी कुठे असते, ते एका साध्या उदाहरणाने पाहू. आडवे सूत्र आहे – ‘हिराकुड धरण या नदीवर आहे’, घरे चार. कोणी लिहिले ‘गोदावरी’. अक्षरे चारच, त्यामुळे शब्द चपखल बसतो. आता तिसऱ्या घरातून खाली जाणारे उभे सूत्र – ‘अमरकंटकला उगम पावणारी नदी’, घरे तीन. अमरकंटकला शोण नदीही उगम पावते, पण तिची अक्षरे दोनच. उरली नर्मदा, परंतु गोदावरीचे तिसरे अक्षर ‘व’ आहे आणि नर्मदेचे पहिले ‘न’. एकतर आडवे चुकले, नाहीतर उभे. सोडवणारा पुन्हा विचार करतो आणि ‘महानदी’शी पोचतो. त्याला कोणी शिक्षकाने चूक दाखवली नाही. एका माहितीने दुसरीची साक्ष काढली.

याउलट आपल्या परीक्षांची तयारी पाहा. मार्गदर्शक पुस्तकांतून एका ओळीचे प्रश्न व एका शब्दाची उत्तरे पाठ केली जातात. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध नसतो. लोकसेवा आयोगाच्या पूर्व परीक्षेत २००७ पासून चुकीच्या उत्तराचे गुण कापले जाऊ लागले. अंदाजाला दंड झाला हे योग्यच. पण दंडामुळे उमेदवार प्रश्न सोडून द्यायला शिकतो, पडताळायला नव्हे.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला ही पद्धत अपरिचित नाही. राष्ट्रीय उत्पन्न उत्पादनाच्या बाजूने मोजा वा खर्चाच्या बाजूने, आकडा तत्त्वतः एकच यायला हवा. प्रत्यक्षात तो येत नाही, आणि आपल्या सांख्यिकी खात्याने वर्षानुवर्षे हा फरक ‘विसंगती’ अशा स्वतंत्र ओळीत प्रामाणिकपणे छापला. हाच प्रामाणिकपणा तालुक्याच्या पातळीवर का नसावा? शाळेची पटसंख्या एका तक्त्यात, माध्यान्ह भोजनाचे धान्य दुसऱ्यात, वाटलेली पुस्तके तिसऱ्यात. तिन्ही तक्ते आपापल्या जागी बिनचूक भरलेले असतात. ते एकमेकांना छेदतात तिथे काय दिसते, हे पाहणे मात्र कोणाच्याच कर्तव्यसूचीत नसते. त्या छेदबिंदूवर कधी खोटी पटसंख्या असते, तर कधी उपाशी राहिलेले मूल.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या वाचकांसाठी आणखी एक मुद्दा. आपल्या मुलांना आपल्याच गावांची नावे रोमन लिपीतून भेटतात. तिथे ‘ळ’ आणि ‘ल’, ‘ण’ आणि ‘न’ एकच होऊन जातात. मराठी कोड्यात मात्र घर अक्षराचे असते, काना-मात्रेसह, जोडाक्षरासह. तिथे ‘ळ की ल’ हा प्रश्न टाळता येत नाही. म्हणून माझी सूचना अशी की, मुलांना कोडे नुसते सोडवायला देऊ नका, रचायला सांगा. राहत्या राज्यातले एक नाव आडवे, महाराष्ट्रातले एक उभे. सरस्वती महाल ग्रंथालयाचे ‘तंजावर’ आडवे लिहिले की त्याच्या ‘व’मधून सेवाग्रामचा ‘वर्धा’ जिल्हा खाली उतरतो. कोडे रचणाऱ्याला दोन्हींची खात्री करून घ्यावीच लागते.

आता फोनवर क्षणात उत्तर मिळते, मग हा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. उत्तर मिळणे सोपे झाले आहे, म्हणूनच. पूर्वी माहिती तुटपुंजी होती. आज ती विपुल आहे आणि तिच्यात खोटीही तितक्याच आत्मविश्वासाने सांगितलेली असते. उद्याच्या अधिकाऱ्याला, आणि नागरिकालाही, किती माहिती आहे यापेक्षा त्याने ती दुसऱ्या बाजूने तपासली आहे का, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरणार आहे. प्रशिक्षण संस्थांनी व शाळांनी आठवड्यातला एक तास यासाठी ठेवावा. खर्च कागद-पेन्सिलीचा, आणि खोडरबराचा.