मुलूखमैदानची वाट

मुलूखमैदान तोफ १५४९ मध्ये अहमदनगरला ओतली गेली. वजन सुमारे ५५ टन. १६३२ साली मुरार जगदेवांनी ती परंड्याच्या भुईकोटातून विजापूरला नेली, हे इतिहासात वाचायला मिळते. ती कोणत्या वाटेने गेली असेल, हा प्रश्न भूमाहितीशास्त्राच्या एम.एस्सी.च्या विद्यार्थ्याला घालून बघा. परंडा सीनेच्या डाव्या अंगाला, विजापूर भीमेपलीकडे. भीमा ओलांडल्याशिवाय सुटका नाही. पण सीना आधी ओलांडायची, की तिच्या डाव्या तीराने उतरत संगमाखाली एकदाच पाण्यात शिरायचे? उताराचा थर संगणक दहा मिनिटांत काढून देतो. पाऊस झाल्यावर काळ्या रानात चाक किती रुतते आणि माळाचा मुरूम तेच ओझे कसा पेलतो, हे मात्र शिवारातल्या माणसालाच विचारावे लागते.

हा स्वाध्याय प्रयोगशाळेत बसून पुरा होत नाही, म्हणून तो मला मोलाचा वाटतो. आपले बहुतेक लघुप्रबंध तिथेच सुरू होतात आणि तिथेच संपतात. उपग्रहाची प्रतिमा उतरवली, वर्गीकरण केले, अचूकतेचा तक्ता जोडला; गाव फक्त शीर्षकात. सेंटिनेल-२ च्या दहा मीटरच्या ठिपक्यांत बुरूज जेमतेम दिसतो. त्याहून वाईट म्हणजे पोरे रोज संध्याकाळी जिथे क्रिकेट खेळतात ती जागा आपल्या नकाशात 'पडीक' म्हणून रंगते. वापरातल्या जमिनीला आपणच निरुपयोगी ठरवतो.

नगररचनेच्या कायद्याला ही जागा दिसते. महाराष्ट्राच्या १९६६ च्या अधिनियमाच्या कलम २२ मध्ये मोकळ्या जागा आणि क्रीडांगणे विकास योजनेचा भाग आहेत. केंद्राच्या २०१४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा सांगितली आहे. पण कलम १२७ ही आहे. योजना अमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन संपादित झाली नाही, मालकाने नोटीस दिली आणि पुढच्या २४ महिन्यांतही काही हालले नाही, तर आरक्षण व्यपगत होते. मैदान असे जाते, गाजावाजा न होता. लहान नगरपरिषदेत या तारखांवर डोळा ठेवायला बहुधा वेगळा माणूस नसतो.

नियोजन आणि विरंगुळा या विषयांतला खरा लघुप्रबंध इथे आहे. विकास योजनेचा कागद भूसंदर्भित करायचा, भूमी अभिलेखाच्या गट नकाशावर बसवायचा, रोव्हर घेऊन प्रत्येक आरक्षणाच्या हद्दीवर उभे राहायचे. केंद्राच्या भू-स्थानिक माहितीबाबतच्या १५ फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनंतर भारतीय संस्थांना अशा मोजणीसाठी पूर्वपरवानगीची अडचण राहिलेली नाही.

मार्गदर्शक प्राध्यापकांना विनंती आहे. यंदा विषयाच्या अर्जावर सही करण्याआधी एका विद्यार्थ्याला तरी परंड्यासारखे गाव द्या. पहिले प्रकरण तोफेच्या वाटेचे असले तरी चालेल. शेवटी एक तक्ता हवा: गट नंबर, आरक्षणाचा प्रकार, दहा वर्षे पुरी होण्याची तारीख. त्याची एक प्रत मुख्याधिकाऱ्यांच्या हातात पोचायला हवी.